भंडाऱ्याच्या हॉलातलं सोंग

डॉक्टर लोकांच्या शिबिरात आम्हा नवराबायकोला बोलावलं, तेव्हाच मी तृप्ती मॅडमला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाई, त्यांच्यासमोर कॅन्सर हा शब्द नोका काढू. आमी त्यांले पोटात अल्सर हाये म्हणून सांगतलं."

तृप्ती मॅडम लाखनीच्या दवाखान्यात माझ्या घरच्यांना, म्हणजे नवऱ्याला, तपासायच्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या मर्जीशिवाय मी बोलणार नाही, काकू. घरी त्यांचं दुखणं कसं सांभाळता, तेवढंच डॉक्टरांना सांगा." औषध त्यांच्याच हातून मिळत होतं. नाही कसं म्हणू?

पण हॉलात पाय ठेवला आणि मी दारातच थांबले. साकोलीचे, पवनीचे, जिल्हाभरातले डॉक्टर बसलेले. मॅडमनं आपली जीभ आवरली, बाकीच्यांची कोण धरणार? भिंतीवर 'उपशामक उपचार शिबिर' असा मोठ्या अक्षरांचा फलक होता. घरचे तो वाचू लागले.

"गोदा, उपशामक म्हंजे काय व?"

"दुखणं कमी करनारं."

"बरं करनारं काहून नाई लिवलं?"

मी पिशवीत पाण्याची बाटली शोधायला लागले.

आमचं सांगून झालं. मग एक मोठे सर म्हणाले, आता सराव. एकानं डॉक्टर राहायचं, दुसऱ्यानं रोग्याचा नातेवाईक व्हायचं, आणि वाईट बातमी कशी बोलायची ते करून दाखवायचं. मॅडम लगबगीनं आमच्याकडे आल्या. "काका, थकलात तुम्ही. चला, बाहेर चहा घेऊ."

"नाई, मी पाहतो. नाटक हाये नं?"

पवनीचा तरुण डॉक्टर अंकुश समोर बसला. दुसरा एक डॉक्टर नातेवाईक झाला आणि हुंदके द्यायला लागला. घरच्यांना राहवलं नाही.

"अवो डॉक्टर, असं कोनी रडते काय? उंदीर चावला काय तुमाले?"

सगळा हॉल हसला. अंकुश म्हणाला, "या मग तुम्हीच, केवळरामभाऊ!"

आमच्या गावच्या दंडारीच्या लोकनाट्यात बायांचं काम पुरुषच करत. तरुणपणी घरच्यांचं बाईचं सोंग पाहायला दुसऱ्या गावचे लोक यायचे. मी त्यांचा हात धरला. तो सोडवून ते गेले. एका नर्सची ओढणी मागून डोक्यावर घेतली आणि खुर्चीच्या टोकावर बसले, ओढणीचं टोक मुठीत आवळून. ते बसणं माझं होतं.

"डॉक्टर," आवाजही माझाच, "माह्या घरच्यांले सांगू नोका. त्यांले अल्सरच सांगतलं हाये."

मागे कुणीतरी हसलं. अंकुशला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. शिकवल्याप्रमाणे त्यानं हळूच विचारलं, "आई, तुम्हाला भीती कसली वाटते?"

"एकटी पडीन, याची. पोरगी गुड्डी तिकडं पुन्याले. बुढा गेल्यावर मले कोन पुसन?"

"खोटं!" मी उभी राहिले होते. "मले एकटीचं भेव नाई. दुखलं का तुमी उशी चावता, आवाज होऊ नये म्हणून. आखरीले ते वाढन, अन् माह्या हातात काईच राहनार नाई. त्याचं भेव हाये मले!"

ओढणी त्यांच्या खांद्यावर घसरली.

"म्हंजे बाकीचं खरं?"

तेव्हा मला कळलं. त्यांना ठाऊक नव्हतं, नुसता संशय होता. मी हसून उडवून लावीन, या आशेवर त्यांनी माझं सोंग घेतलं होतं. आणि मी फक्त भीतीपुरतं खोटं म्हटलं.

मोठे सर पुढे यायला निघाले, मॅडमनं त्यांना थांबवलं. "काकू, तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मीच."

खुर्च्यांमधून वाट काढत गेले आणि त्यांच्या पुढ्यात खाली बसले. तो शब्द जिभेवर येईना. शेवटी आला, तो इतका हळू की त्यांना वाकावं लागलं.

"कधी कळलं तुले?"

"पोळ्याच्या आधी."

"अन् पोळ्याले मले पुरनाची पोळी वाढली?"

"तुमी मागून राहिले होते नं."

त्यांनी ओढणी काढून मांडीवर ठेवली. मग अंकुशकडे वळले. "डॉक्टर, ते दुखण्याचं सांगा पहिले. हिले सांगा. मी आइकतो."

अंकुशनं हातातला कागद ठेवला आणि माझ्याकडे तोंड केलं. मी घरच्यांचा हात घेतला. त्यांनी तो घेऊ दिला, पण बोटं मिटली नाहीत.