ठिपक्यांच्या पुढची रेष

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे आणि माझ्यामुळे एका म्हाताऱ्याचं भातशेत बुडालं आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी बढाई ऐकताना तुम्ही फसणार नाही.

मी नुसत्या बेरजा-वजाबाक्या करत नाही, मी ग्राफ काढतो. माझी पहिली वर्षं हाटकेशला निकेत सरांच्या क्लासमध्ये गेली. समीकरण भरा, बटण दाबा, की माझ्या पडद्यावर रेष वळणं घेत यायची. मुलं “भारी ना!” म्हणायची आणि मी फुगायचो. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले नि मी कपाटात पडून राहिलो. मग एक दिवस सरांनी मला राई गावच्या भूमिकाला प्रोजेक्टसाठी देऊन टाकलं.

भूमिकाच्या घरची बरीचशी जमीन आता इमारतींखाली गेली आहे. खाडीला लागून एक तुकडा उरलाय, त्यात तिचे धर्मा आजा अजून भात लावतात. शेत आणि खाडीच्या मध्ये मातीचा बांध आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची मोठी भरती येते, तिच्या आधी आजा चिखल चढवून बांध उंच करतात. खारं पाणी आत शिरलं की भात जळतो.

यंदा गोकुळाष्टमीला आजांचा गुडघा टम्म सुजला. पाऊल टेकवेना. भूमिकाचा जीव तुटत होता. तिने एका बांबूवर फुटांच्या खुणा केल्या, तो खाडीत रोवला आणि तीन दिवस उजाडल्यापासून दर तासाला पाण्याची उंची लिहून काढली. आकडे माझ्यात भरले. पडद्यावर ठिपके उमटले. मग त्या ठिपक्यांतून जाणारी लाट तिने माझ्याकडून काढून घेतली. अहाहा, काय चपखल बसली होती! तिने पडद्याची हद्द वाढवून पुढच्या अमावास्येपर्यंत नेली, आणि मी तीच लाट तशीच पुढे ओढली. बाणाचं बटण दाबत ती अमावास्येच्या भरतीवर आली. मी आकडा दाखवला: पाच फूट. बांध सात फुटांचा होता.

“आजा, बघ ना, पाणी पाच फुटांच्या वर जातच नाहीये. तू गप पडून राहा.”

“अवसेचं पानी येगलं आसतं गो बाय. बांधाव चिखोल टाकाला पायजे.”

“मशीन काय खोटं बोलतंय का? पप्पा रजा टाकणार होते, त्यांना पण मी नको म्हटलंय.”

 नात शिकलेली, म्हणून आजांनी तिचं ऐकलं आणि सुजलेला पाय पुन्हा उशीवर ठेवला.

अमावास्येच्या दुपारी पाणी आठ फुटांवर गेलं. बांध एका जागी फुटला. भूमिका घमेलं घेऊन धावली, पण एकटी पोर कितीसा चिखल टाकणार? आठवड्याभरात भात पिवळा पडला. “आता दोन-तीन पावसालं तरी मीठ उतराचं न्हाय,” एवढंच आजा म्हणाले. भूमिका त्यांच्या पायाशी बसून हमसाहमशी रडली. मला तिने पत्र्याच्या डब्यात कोंबलं.

त्या डब्यात मी मनाची खूप समजूत घातली. अष्टमीच्या आसपासची भरती मुळातच लहान असते, हे मला कुठून ठाऊक असणार? मी काय चंद्र पाहिलाय? पण नाही पटत, मित्रांनो. शून्याने भागायला सांगा, मी लगेच ‘एरर’ म्हणून बोंब मारतो. त्या दिवशी मात्र कुणी न मोजलेल्या दिवसांवरून मी तितकीच ठळक रेष ओढत गेलो. एकदाही अडखळलो नाही. त्या मुलीने आजांच्या काळजीने विचारलं होतं आणि मी रुबाब दाखवला. याची मला लाज वाटते.

गणपती विसर्जनाच्या दिवशी डबा उघडला. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. शेत गेलं तरी बांध नीट करायचा होता, नाहीतर पावसाने धुतलेलं मीठ पुन्हा आत आलं असतं. आजांच्या सांगण्यावरून भूमिकाने त्या दिवसापर्यंत रोज पाणी मोजलं होतं. तिने ठिपके भरले. लाटेचं बटण मात्र दाबलं नाही.

गुडघ्याची सूज उतरल्याने आजा नुकतेच बांध बघून आले होते; त्यांनी चिखलाचं बोट माझ्या पडद्यावरच्या कोऱ्या जागेवर टेकवलं. “हितं काय?”

“तिथलं अजून बघितलं नाही, आजा.”

“मंग घे घमेलं,” आजा उठत म्हणाले. “पानी येवाच्या आधी बांधाव जाव.”

मित्रांनो, माझे सेल वेळेवर बदला, मला उन्हात टाकू नका, एवढं मी मागेनच. पण पडद्यावरचा तो चिखलाचा ठसा तेवढा पुसू नका. माझे ठिपके संपतात तिथेच तो आहे.