बाळंतिणीसाठी काढलेले तेल

आंबवड्याच्या ओढ्याकाठी, चिंचेखाली अर्धे मातीत गेलेले एक लाकडी धूड आहे. मित्रांनो, ते धूड म्हणजे मी. मी सावळाराम तेल्याचा जुना घाणा आहे.

सावळारामच्या वडिलांनी एका जाड खोडातून मला कोरून घेतले. माझ्या पोटात लाकडी लाट फिरायची, डोळे बांधलेला बैल तिला ओढत गोल गोल चालायचा आणि तिळाचे, कारळ्याचे तेल खाली उतरायचे. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून लोक यायचे. माझे फार कौतुक करायचे आणि खरे सांगतो, मला ते आवडायचे.

पण त्या कौतुकातला मोठा वाटा सावळारामच्या बायकोचा, बनाबाईचा होता. कोणाचेही तीळ आले तरी ती आधी सुपात घ्यायची आणि सूप तिरके धरायची. तीळ चपटा, तो जागच्या जागी राहतो. पिवळ्या धोत्र्याचे बी गोल, ते घरंगळत खाली येते. ते पोटात गेले की अंग सुजते, माणूस दगावतो, हे तिला तिच्या आईने सांगितले होते. सावळाराम तिची चेष्टा करायचा.

"सोयरीक जुळवाया निघाल्यावानी येकयेक तीळ काय बघतीस?"

"तुमी बैल हाका. ह्यातलं तुमास्नी न्हाई कळायचं."

दोघेही हसायची. सूप त्याच्या हाती कधी गेलेच नाही.

पुढे नसरापूरच्या दुकानात तेलाचे डबे आले. तेल नितळ, त्याला वास नाही, तळाला गाळ नाही. लोक भुलले. माझ्याकडची वर्दळ आटली. सावळारामला त्या डब्यांचा मनापासून राग होता. "ज्याची पेंड आपुन बघितली न्हाई, त्ये त्याल तोंडात घालू ने," असे तो येईल त्याला सांगायचा.

त्याची एकुलती एक लेक फुलाबाई गुंजवण्याला दिली होती. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. बनाबाई लेकीजवळून हलत नव्हती. सावळाराम भोरच्या बाजारातून काळे तीळ घेऊन आला. विकणारा म्हणाला होता, माल साफ केलेला आहे. बायकोला कशाला उठवा, लेकीचे तेल आपणच काढू, अशा मायेने त्याने त्यातले लागतील तेवढे तसेच माझ्या पोटात ओतले.

लाट फिरली आणि मला तिच्याखाली गोल बी लागले. एखादे नव्हे, मुठी मुठी भरतील एवढे. मी करकरलो. सावळारामने लाटेवर हात ठेवून पाहिले आणि बैल पुन्हा हाकला.

ते तेल फक्त बाळंतिणीचे. बाकीची माणसे आपली कारळ्याच्या तेलावर जेवत. काही आठवड्यांनी फुलाबाईची पावले सुजली, मग पोटऱ्या. उंबऱ्यापर्यंत गेली तरी तिला धाप लागायची.

"आबा, जोडवी रुतत्यात," ती एकदा म्हणाली.

"सासरी डब्याचं त्याल खाल्लंस, त्येच बाहेर पडतंय," सावळाराम म्हणाला. "आता घरचं खा. समदं निघून जाईल."

आणि त्याने तिच्या भाकरीवर आणखी एक पळी तेल घातले. मी अंगणातल्या ह्याच चिंचेखाली उभा होतो. माझा जीव तुटत होता, पण मला वाचा नव्हती.

भोरच्या डॉक्टरांकडे न्यायला गाडी जुंपली, त्याच सकाळी फुलाबाई गेली. तिला दूध नव्हते म्हणून पोर शेजारच्या बाळाबाईच्या अंगावर पीत होते. ते तेवढे वाचले.

तेरावे झाल्यावर बनाबाईने उरलेल्या तिळांचे पोते माझ्याजवळ आणले. सूप भरले आणि तिरके धरले. काळे गोल बी सरसर खाली आले. तिने नवऱ्याला हाक मारली नाही. तो आपणच आला आणि त्या राशीतले बी चिमटीत धरून त्याने पाहिले. काय चुकले ते त्याला कोणी सांगायची गरज उरली नाही.

गावात मात्र वेगळीच आवई उठली होती. दुकानाच्या तेलाने सावळारामची लेक गेली, असे जो तो म्हणत होता. घाबरलेले लोक पुन्हा माझ्याकडे वळले. सगळ्यांत आधी गावातला गेनबा तिळाचे पोते घेऊन आला.

"तुझ्या घाण्याला तोड न्हाई, सावळाराम."

सावळाराम गप्प राहिला असता तर त्याचे अंगण पुन्हा माणसांनी भरले असते.

"न्हाई गेनबा," तो म्हणाला. "दुकानाच्या तेलानं न्हाई. ह्याच घाण्याच्या तेलानं गेली माझी फुला. म्याच वाढलं तिला, माझ्या हातानं."

गेनबाने पोते उचलले आणि निघून गेला. त्या दिवशी सावळारामने बैल सोडला, लाट उपसून काढली. मी पुन्हा फिरलो नाही.

मित्रांनो, डब्यातल्या तेलाला जाब विचारा, विचारलाच पाहिजे. पण घरच्या तेलालाही विचारा. आपल्या माणसाने केले म्हणून डोळे मिटून ताटात घेऊ नका आणि वाढू तर मुळीच नका.

सावळारामने मला कधी बोल लावला नाही. म्हातारपणी तो संध्याकाळचा येऊन माझ्या कडेला बसायचा, माझ्या अंगावरून हात फिरवायचा आणि हळूच म्हणायचा, "तुला तरी कळलं असंल की रं."

मला कळले होते.