चार खांबांवरचं खुराडं

एकोणीसशे त्र्याण्णव साली लग्न होऊन मी इंद्रवेल्लीच्या बाजूच्या एका जंगलाकाठच्या वस्तीत आले, तेव्हा माझ्या सासूची, बयनाबाईची, गावात ‘कोंबड्यावाली’ एवढीच ओळख होती. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदण-खुरपण केलेली बाई, अक्षराची ओळख नाही. मी दोन कोसांवरच्या सरकारी शाळेत मास्तरीण. नवरा, सुधाकर, मंचेरियलला कारकून होता आणि शनिवारी घरी यायचा. एरवी घरात आम्ही दोघी, अठरा कोंबड्या आणि भुऱ्या नावाचा कुत्रा. खरं सांगते, त्या कोंबड्यांची मला लाज वाटायची. शाळेतल्या बाया घरी आल्या की मी मागचं दार लोटून घ्यायची.

चैतातली गोष्ट. मोहफुलं वेचायचे दिवस होते. तांबडं फुटताना भुऱ्याच्या केकाटण्यानं आम्ही दोघी उठलो. मागं जाऊन पाहिलं तर खुराड्याची मातीची भिंत आडवी झालेली. तीन कोंबड्या ढिगाऱ्याखाली मेलेल्या, बाकीच्या कुंपणावर नि छपरावर चढून बसलेल्या. भुऱ्याचा खांदा फाटला होता. आणि ओढ्याच्या वाटेनं एक अस्वल, पाठीवर पिल्लू घेऊन, डुलत डुलत परत चाललं होतं.

उजाडेपर्यंत निम्मं गाव आमच्या अंगणात जमलं. शेजारचे अमृतराव सगळ्यांत तापलेले. त्यांच्याही घरी कोंबड्या, बकऱ्या होत्या. अस्वलाला कोंबडीची चटक लागली, आता ते थांबायचं नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीची वायर ओढ्याच्या वाटेवर आडवी टाकायची आणि रात्रभर करंट सोडायचा, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. चार जणांनी मान डोलावली. मलाही ते पटलं होतं.

सासूबाईंनी भुऱ्याची जखम हळदीच्या पाण्यानं धुतली, फडकं बांधलं. मग ढिगाऱ्यापाशी उकिडव्या बसल्या आणि एकेक ढेकूळ उचलून पाहू लागल्या. मेलेल्या कोंबड्यांची पिसं सारून पाहिली. बऱ्याच वेळानं उठल्या आणि अमृतरावांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“भाऊ, तीन कोंबड्या मेल्या, पण एकीलेही दात लागला नाई. भिंत पडली म्हून त्या दबून मेल्या.”

मग त्यांनी सगळ्यांना ढेकळं दाखवली. आत उधईनं, म्हणजे वाळवीनं, पोखरलेली भोकंच भोकं होती. ती उधई खायला अस्वलानं भिंतीच्या बुडाशी नख्यांनी हातभर खोल उकरलं होतं. त्यात खुराड्याच्या छपरावर आम्ही मोहफुलं वाळत घातली होती. ती सगळी चाटूनपुसून खाल्लेली. तीस वर्षं त्या जंगलात फुलं वेचलेली बाई होती ती. अस्वलाला डोळ्यांनी फारसं दिसत नाही, ते नाकानं चालतं, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

अमृतराव म्हणाले, कशासाठी का येईना, आलं ना? वायर टाकायचीच.

“त्या वाटेनं पहाटे आमी बायाच जातो, भाऊ,” सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “एखाद्या दिवशी तुमी बटन बंद कराले विसरले, तं अस्वलाच्या आधी कोन मरन?”

मागं उभी असलेली अमृतरावांची बायको, देवकाबाई, पुढे येऊन सासूबाईंच्या शेजारी उभी राहिली. मग आणखी दोघी आल्या. अमृतरावांनी खाली पाहिलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे चार दिवस मागितले, आणि त्यांनी ते दिले.

त्या चार दिवसांत ती बाई धड जेवली नाही. ओढ्यातले चपटे दगड डोक्यावर आणले आणि कमरेएवढे चार खांब रचले. वर बांबूचा माच बांधला, बांबूच्याच कामट्या विणून भिंती केल्या. मातीचा एक गोळाही कुठं लावला नाही, म्हणजे उधईला जागाच राहू नये. खांबांना डिझेल इंजिनाचं जळकं ऑइल फासलं. ते मागायला अमृतरावांकडेच गेली. जुनं खुराडं होतं ती जागा खणून उधईचं घर काढलं, राख भरली. मोहफुलं घरात आणून झाकणाच्या रांजणात ठेवली. संध्याकाळी कोंबड्यांपुढची सांडलेली ज्वारी मी झाडून काढायची, दाणा राहू द्यायचा नाही, आणि भुऱ्याला घरात बांधायचं, अशी कामं माझ्याकडे दिली. कुत्रं अंगावर गेलं म्हणून पिल्लाची आई उलटली, नाहीतर ती आपल्या वाटेनं निघून गेली असती, असं त्या म्हणाल्या.

मी सासूबाईंना विचारलं, “आत्याबाई, बांबूच तर हाय. एका फटक्यात मोडन ना?”

“मोडाले त्याले किती वेळ लागते?” त्या म्हणाल्या. “पन काऊन मोडन? आत ना उधई, ना फुलं.”

पाचव्या दिवशी पहाटे भुऱ्या गुरगुरला. सासूबाईंनी त्याचं तोंड मांडीत धरलं. मी दाराच्या फटीला डोळा लावला. अमृतरावही आपल्या छपराखाली काठी घेऊन उभे होते, ते मला दिसत होते. अस्वल कुंपणातून आत आलं. जुन्या जागेवर नाक फिरवलं, राखेनं फुरफुरलं. खांबाजवळ जाऊन हुंगलं. वर कोंबड्यांची कुजबुज चालली होती. अस्वलानं मान वर केली, एकदा खांबाला अंग घासलं, आणि पिल्लाला घेऊन आलं तसं ओढ्याकडे निघून गेलं.

त्या मोसमात ते आणखी दोनदा आलं. मग आमच्या अंगणाचा नादच त्यानं सोडला.

पावसाळ्याआधी गावात नऊ खुराडी खांबांवर चढली. पहिलं अमृतरावांचं. आषाढात रेंजर साहेब आले. आजूबाजूच्या गावांतून अस्वलाच्या तक्रारी होत्या, इथून एकही नाही, म्हणून पाहायला आले होते. लोकांनी सवयीनं अमृतरावांना पुढं केलं. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, तुमची अक्कल चांगली, असं हिंदीत म्हटलं. अमृतराव बाजूला सरकले. “मेरी नहीं, साब. मैं तो करंट छोडनेवाला था,” ते म्हणाले, आणि त्यांनी आमच्या घराकडे हात केला.

आठ दिवसांनी साहेबांनी जीप पाठवली. पलीकडच्या एका तेलुगू गावात बायांना हे सगळं समजावून सांगायचं होतं. सासूबाईंनी ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या. गावातून जीप निघाली तेव्हा त्या ताठ बसून समोर पाहत होत्या. शाळेमुळे मला तेलुगू येत होतं, म्हणून त्यांचं बोलणं तेलुगूत सांगायला मी मागं बसले होते.

तिथं शाळेपुढच्या झाडाखाली पन्नासेक बाया जमल्या होत्या. सासूबाई आधी जरा अडखळल्या. मग त्यांनी जमिनीवर काडीनं खुराडं काढलं आणि सांगू लागल्या. खांब किती उंच, दाणा कुठं ठेवायचा, कुत्रं कुठं बांधायचं, पहाटे बाहेर पडताना मोठ्यानं बोलत जायचं, म्हणजे अस्वल दचकत नाही. मी वाक्यामागून वाक्य तेलुगूत सांगत गेले.

एका बाईनं त्यांना नाव विचारलं. सासूबाई म्हणाल्या, “बयनाबाई.” मी तेलुगूत सांगितलं. थांबवेना, म्हणून आणखी सांगत राहिले. बाया त्यांच्याकडे वळून पाहू लागल्या, एकीनं तर हात जोडले.

सासूबाईंनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. “मी तं एकच शब्द बोलली. तू इतकं काय सांगून राह्यली?”

“तुमी कोन हाय, ते सांगितलं,” मी म्हणाले. “माह्या सासूबाई हायेत, हेबी सांगितलं.”

त्यांनी पदर सारखा केला आणि पुन्हा काडी हातात घेतली. खुराड्याच्या दाराचं सांगायचं राहिलं होतं.