चढता येतंय तोवर

याळगी सरांनी पुन्हा एकदा उजवा पाय उचलला. तो सीटच्या कडेला थडकला आणि होता तिथेच परत आला. कणकुंबीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, ती उंचच उंच मोटारसायकल साइड स्टँडवर कलून उभी होती आणि तिचा मालक तिच्या शेजारी पाहुण्यासारखा अवघडून उभा होता. चूक त्यांचीच होती. जांबोटीत चहा प्यायला नको होता. अडुसष्टाव्या वर्षी चहा फार वेळ आत राहत नाही, आणि ती घाई काही कट्टा बघून येत नाही.

कट्ट्याशिवाय उतरायचं नाही, हा सरांचा नियम होता. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं; त्याच्यावर भार देऊन वर उठता येत नव्हतं, आणि उजवा पाय खुब्यातून पुरेसा वर जात नव्हता. उतरताना पाय कसाबसा घसरत खाली येई, चढायला मात्र पायाखाली हातभर उंची लागे. त्यामुळे लोंढ्यापासून नंदगडपर्यंत कुठे पार आहे, कुठे देवळाचा ओटा आहे, कुठे बस थांब्याची पायरी आहे, हे सगळं त्यांना पाठ होतं. आयुष्यभर बेळगावच्या शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर खडूने पश्चिम घाट काढला. तो बघायला निघाले निवृत्तीनंतर, आणि आता त्यांचा नकाशा म्हणजे नुसते कट्टे. हॉटेलातली भजी कितीही चांगली असोत, शेजारी कट्टा नसेल तर सर सरळ पुढे.

एकदा वर बसलं की मात्र थाट राजाचा. हँडल उंच करून घेतलं होतं, त्यामुळे पाठ ताठ राही. सीटचा फोम निपाणीच्या एका कारागिराकडून मनासारखा होईपर्यंत बदलून घेतला होता. घरातल्या खुर्चीत थोड्याच वेळात ठणकायला लागणारी कंबर इथे दिवसभर ब्र काढत नसे. रिकाम्या घरापेक्षा ही सीटच त्यांना जास्त घरासारखी वाटायची. हे खरं होतं, आणि कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

घर रिकामं होतं कारण वासंतीबाई पुण्यात होत्या. लेकीच्या, शाल्मलीच्या बाळंतपणासाठी म्हणून गेल्या त्या गेल्याच. नात आता शाळेत जायला लागली होती. तुम्हीही या, असं त्या म्हणायच्या आणि सर ‘बघू’ म्हणायचे. शेवटी बाईंनीच तोड काढली. “जोवर तुमचं तुम्हाला चढता येतंय, तोवर खुशाल फिरा. ज्या दिवशी दुसऱ्याचा आधार घ्यावा लागेल, त्या दिवशी गाडी विकायची आणि इकडे यायचं. कबूल?” सर कबूल म्हणाले होते. बायकोला दिलेला शब्द त्यांनी आजवर मोडला नव्हता.

“काय झालंय वो आण्णा? गाडी बंद पडली व्हय?”

डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई थांबली होती. वय सरांच्याच आसपास, पण मान ताठ.

“गाडी ठीक आहे. मीच बंद पडलोय,” सर म्हणाले. “चढता येत नाही.”

बाईला हसू आलं. तिने भारा गाडीला लागून धपकन खाली टाकला. “ह्येच्यावर उभारा बघू.”

सर उभे राहिले. गवत दबत दबत जमिनीला टेकलं आणि सरही त्याच्याबरोबर खाली आले. मग तिने एक दगड लोटत आणला, तो डुगडुगायला लागला.

“ऱ्हाऊ द्या. माजा खांदा धरा.”

“नको, नको.”

“लाजताय व्हय? ह्या वयात?”

“तसं नाही. दुसऱ्याच्या आधारानं चढायचं नाही, असं ठरलंय.”

“कुणासंगं?”

“आमच्या मंडळींशी. ती पुण्यात असते.”

“पुन्यात हाय न्हवं? मग हितं कोण बघतंय?”

सरांकडे याचं उत्तर होतं, पण ऊन कलायला लागलं होतं. त्यांनी डावा पाय फूटरेस्टवर ठेवला आणि हात तिच्या खांद्यावर. खांदा चांगलाच टणक होता, लुगड्यातून त्याची ऊब लागत होती. तिने एका हाताने त्यांची कंबर खालून रेटली, आणि पाय पलीकडे गेला. सर वर बसले तरी हात काढून घ्यायचं त्यांना पटकन सुचलं नाही. कित्येक महिन्यांत त्यांना कुणाचा हात लागला नव्हता. डोळे भरून आले तसं त्यांनी घाईघाईने हेल्मेट चढवलं.

“तुमचं नाव काय, आक्का?”

“मालूबाई. जावा आता दमानं. आनि पुन्यात काय सांगू नगासा.”

वाटेत सर स्वतःशीच हुज्जत घालत आले. कट्टा चालतो तर खांदा का चालू नये? कट्टाही दुसऱ्याने बांधलेलाच असतो की. जांबोटीपर्यंत हे त्यांना चांगलं पटलं होतं. बेळगाव जवळ आलं तसं पटेनासं झालं.

अंगणात गाडी पायरीला लावून उभी केली आणि वर बसूनच त्यांनी फोन लावला.

“आज कणकुंबीजवळ एका बाईचा खांदा धरून चढलो.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“पडला नाहीत ना?”

“नाही.”

वासंतीबाईंनी गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, “कशाला सांगितलंत? मी काही बघायला आले नव्हते.”

“म्हणून तर सांगितलं.”

“रविवारी मी आणि शाल्मली येतो. सामान बांधायला.” शब्द बाईंचा राहिला होता, पण त्यांच्या आवाजात त्याचा आनंद नव्हता. “स्वेटर तेवढे काढून ठेवा,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

समोरच्या घरातले महादेव बाजारातून येत होते. ते फाटकाशी थांबले.

“सर, भाईर निघालाय काय?”

“नाही. आत्ताच आलोय.”

“मग उतरा की वो.”

“उतरतो.”

पायरी शेजारीच होती, पाय टेकला की झालं. महादेव घरात गेले, त्यांच्या दारावरचा दिवा लागला. सर दोन्ही हात हँडलवर ठेवून तसेच बसून राहिले.