सातेरीची बॅट

आमच्या गावात क्रिकेट आलं ते रुळांवरून आलं. कॅसलरॉकच्या घाटात गाडीची वाट बांधत होते तेव्हा माझे सासरे येसाजी वीसेक वर्षांचे होते आणि तिथे दगड फोडायला जात. रविवारी साहेब लोक खेळायचे. चेंडू रानात गेला की शोधून आणायला रानाची माहिती असलेला माणूस लागे, म्हणून मामंजींना कडेला उभं करायचे. उभं राहून राहून ते खेळ शिकले. घाटाचं काम संपलं, आणि विलायतेला परत जाताना एक साहेब आपली जुनी बॅट त्यांच्या हातात देऊन गेला.

मी सून होऊन आले तेव्हा ती बॅट घरात कोयत्या-कुऱ्हाडींच्या शेजारी टांगलेली असायची. भात कापून मळणी झाली की पौषातल्या एका रविवारी स्टेशनातले लोक आणि गावातले लोक यांचा सामना व्हायचा. जागा नदीकाठची, रेल्वेच्या हद्दीतली. गावात तेवढी सपाट जागा दुसरी नव्हतीच. मधली पट्टी आम्ही बायका आदल्या दिवशी खळ्यासारखी चोपून शेणानं सारवायचो. स्टेशनातले लोक आधी नाकं मुरडायचे, पण चेंडू त्या पट्टीवर गुडघ्याच्या वर उडत नसे, त्यामुळे कुणाची हाडं मोडत नसत. मग तेही गप्प बसले.

माझे वडील स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारे पॉइंटमन होते. क्वार्टरात लहानपण गेल्यामुळे मला आकडे येत होते, म्हणून धावा मोजायचं काम मामंजींनी माझ्याकडे दिलं. मी जांभळीखाली बसून चिंचोके मोजायची. एक धाव, एक चिंचोका. गावाचे या करवंटीत, स्टेशनाचे त्या करवंटीत. पहिल्या वर्षी गावातले तीस-पस्तीस गडी खेळायला उभे होते. अकरा निवडताना मामंजींना भांडणं सोडवावी लागली होती.

पहिली मोठी लढाई संपून दोन वर्षं झाली होती, त्या सालची ही गोष्ट. तोवर जुने गडी थकले होते, दोघे-तिघे तापाच्या साथीत गेले होते, आणि नव्या पोरांना त्या खेळात काही गोडी राहिली नव्हती. आदल्या पौषात तर अकरा भरेनात म्हणून मामंजींनी शेवटी लाडू गुरवाला उभं केलं होतं. तो एक चेंडू अडवायला धावला, तो धोतरात अडकून पडला. लोक हसले, पण मामंजी हसले नाहीत.

श्रावणात स्टेशनावरचा मुकादम आमच्या अंगणात आला.

"येसाजी, नवीन साहेब आलाय. नदीकाठच्या जाग्यात रुळांखालचे लाकडी स्लीपर रचायचे म्हणतो."

"ती खेळायची जागा हाय," मामंजी म्हणाले.

"मी सांगितलं तसं. तो म्हणाला, खेळत असाल तर ठेवतो. पौषात अकरा माणसं उभी करा, मी स्वतः बघायला येतो. न्हाई उभी राहिली तर जागा आमची."

मुकादम गूळपाणी घेऊन गेला. मामंजींनी डोक्याला रुमाल गुंडाळला आणि त्याच दुपारी ते घरोघर फिरायला निघाले. त्यानंतर रोज जायचे. परत आले की पायरीवर बसून मला तांब्या मागायचे, आणि मी न विचारताच सांगायचे, "आज दोन," किंवा "आज कोण न्हाई."

एकदा झिलू आमच्याच अंगणातून चालला होता. अठरा वर्षांचा, उंच, हात लांब. मामंजींची नजर त्याच्यावर फार दिवस होती.

"झिलू, तुझ्यासारखा चेंडू टाकणारा पंचक्रोशीत घावणार न्हाई. का येत न्हाईस?"

"काका, राग धरू नका. दिवसभर उन्हात उभं ऱ्हायाचं आन चेंडू आपल्याकडं येतोय का बघायचं. त्यापरास म्हशी राखलेल्या बऱ्या. म्हशी हलत्यात तरी."

"आरं, ती खेळातली शिस्त हाय."

"हुतुतूत शिस्त न्हाई व्हय? घटकाभरात हार-जीत. मेला तर मेला, आला तर आला. तुमच्या खेळात आउट झालेला माणूससुदा जेवायला बसतोय."

 झिलू वाईट मुलगा नव्हता. जाताना त्यांच्या खांद्यावरचा लाकडाचा भारा उचलून त्यानं खोपीत नेऊन ठेवला.

सगळ्यात जड गोष्ट घरातच होती. मामंजींचा एकुलता मुलगा, म्हणजे आमचे हे, खेळायला तयार नव्हते. लहानपणी बापाच्या मागे चेंडू घेऊन धावले, म्हणून पोटभर झालं असावं. ते जंगलखात्याच्या कूपात लाकूडतोडीला जायचे, आणि रामनगरला दशावतारी नाटकवाले आले की रात्रभर तिथे.

सासूबाई एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाल्या, "परशू, बापासाठी एक दिस उभा ऱ्हा की रे. तुझं काय झिजतंय?"

"एक दिस न्हाई आये. आधी म्हैनाभर सराव. मग हरलो की वर्षभर बोलणी. 'तो चेंडू सोडला, ह्यो सोडला.' मी लहानपणापासनं चेंडूच सोडत आलोय."

मामंजी आत होते. त्यांनी ऐकलं असणार. संध्याकाळी ते बॅट खाली काढून तिला करंजेल लावत बसले.

दसऱ्याला आमच्याकडे घरातली हत्यारं पुजायची रीत. कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळं धुऊन मांडायचं, कुंकू लावायचं, दुसऱ्या दिवशी कामाला न्यायचं. बॅटही त्यातच असायची. त्या वर्षी मामंजींनी ती घरात मांडलीच नाही. नव्या फडक्यात गुंडाळली आणि आमच्या गावदेवीच्या, सातेरीच्या देवळात घेऊन गेले. सगळा गाव जमलेला होता. ते लाडू गुरवाला म्हणाले, "कौल लाव. गावाचा खेळ ऱ्हायाचा असंल तर उजवा दे म्हणावं."

लाडू गुरवानं पाषाणावर पाण्यानं पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. आम्ही बायका बाहेरून बघत होतो. बराच वेळ काही झालं नाही. कुणाचं तरी पोर रडायला लागलं. मग उजवीकडची पाकळी सुटून खाली पडली.

मामंजींच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरवानं बॅटीला शेंदूर लावला, हार घातला आणि ती गाभाऱ्यात देवीच्या बाजूला उभी केली. मामंजी घरी येताना मला म्हणाले, "देवके, आता बघ. आता कोण न्हाई म्हणंल?"

आणि खरंच कोणी नाही म्हणालं नाही. देवीनं उजवा दिलेला. कार्तिकात, कापणीच्या आधी, सरावाच्या पहिल्या दिवशी अकरा नाही, चौदा जण नदीकाठी आले. झिलू आला. हेही आले, मान खाली घालून. मामंजींनी गुरवाकडून बॅट मागून आणली आणि झिलूपुढे धरली.

झिलू मागे सरला.

"धर की."

"काका, मी सकाळी मासळी खाल्लीया."

"मग लखू, तू धर."

"आमच्यात सोयर हाय. भावजय बाळंत झाली न्हवं का."

मामंजी एकेकापुढे गेले. एकाच्या पायात वहाणा होत्या, एकानं आंघोळ केली नव्हती. एकानं विचारलं, "काका, ही जमिनीला टेकवायची कशी? खेळात तर टेकवावी लागती." शेवटी मामंजी ह्यांच्यापुढे आले. ह्यांनी मासळी खाल्ली नव्हती, आंघोळही झाली होती. मला ठाऊक होतं, पाणी मीच तापवलं होतं.

"परशू."

"आप्पा, देवीला वाहिलेल्या वस्तूला मी हात लावीत न्हाई," हे म्हणाले. एवढं बोलून त्यांनी श्वास सोडला. मोळी खाली टाकल्यावर माणूस सोडतो, तसा.

तेवढ्यात लाडू गुरव धापा टाकत आला. देवळातून बॅट दिल्यापासून त्याच्या मनाला काहीतरी लागलं होतं, आणि वाटेत ते त्याला कळलं होतं.

"येसाजी, थांब. ह्यो चेंडू कशाचा हाय?"

"कशाचा म्हंजे? चेंडूचा."

"वरचं कशाचं?"

 चेंडू मामंजींच्याच हातात होता. तांबडा, टाके घातलेला. वीस वर्षं आम्ही तो बघत होतो.

"चामडं हाय," गुरव म्हणाला. "देवीच्या वस्तूनं चामड्याला शिवायचं? सांग मला."

मामंजींनी चेंडूकडे पाहिलं, मग बॅटीकडे. मग त्यांनी चेंडू हळूच खाली ठेवला आणि हात धोतराला पुसला. तो हात पुसलेला मी पाहिला तेव्हाच मला कळलं की आता काही होणार नाही. पोरं देवाला मानणारी होती हे खरं, पण मामंजी सगळ्यांहून मानणारे होते.

तरी मी घरी गेल्यावर बोलले. सुनेनं बोलू नये, पण बोलले. "मामंजी, स्टेशनातनं दुसरी बॅट मागूया. माझ्या वडलांना सांगते."

"देवीनं ह्या बॅटीला उजवा दिलाय. दुसरीनं खेळायचं म्हंजे देवीला खोटं पाडायचं."

"मग देवीलाच परत विचारूया, ही सोडतीस का म्हणून."

"एका गोष्टीचा कौल सालात दोनदा लावत न्हाईत, पोरी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरातच पुजली असती तर बरं झालं असतं. इतकी वर्षं घरातच पुजली."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. कापणी झाली, मळणी झाली. पौष आला. मामंजींनी काही सांगितलं नाही, पण आदल्या दिवशी सासूबाईंनी शेण कालवलं आणि आम्ही दोघी नेहमीसारखी पट्टी सारवून आलो. का सारवली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हाताला सवय होती.

रविवारी स्टेशनातले लोक आले. आठच होते. दोघे पोट सुटलेले, आणि एक जण आल्या आल्या जांभळीखाली पंचा टाकून आडवा झाला. माझे वडील म्हणाले, "आमच्याकडंही हेच. नवे क्लार्क येत्यात, ते हार्मोनियम घेऊन बसत्यात." साहेब घोड्यावरून आला. गावातले सगळे गडी कडेला उभे होते, चौदाच्या चौदा, आणि पट्टीवर कोणी नव्हतं. मामंजी देवळात गेले होते.

मी त्यांना बोलवायला गेले. ते गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभे होते. बॅट चार हातांच्या अंतरावर होती, शेंदरानं तांबडी झालेली. त्यांनी आंघोळ केली होती, उपास धरला होता. उजवा हात पुढे करून उभे होते. किती वेळचे, कोण जाणे. हात उंबऱ्यापर्यंत गेला होता, पुढे जात नव्हता.

"मामंजी, साहेब आलाय."

"व्हय," ते म्हणाले, आणि हात जोडून वळले.

साहेबानं फार वेळ घेतला नाही. मुकादमानं त्याला काहीतरी सांगितलं, त्यानं मान हलवली, घड्याळ पाहिलं आणि घोडा वळवला. त्याला रागही आला नाही. मुकादम जाताना म्हणाला, "उद्यापासनं गाड्या येतील स्लीपरच्या. येसाजी, मी बोललो होतो हां." मामंजी म्हणाले, "बोलला होतास."

मग सगळेच घुटमळले. एवढी माणसं जमलेली, पट्टी सारवलेली, वर ऊन कोवळं. झिलूनं वहाणा काढल्या, टाचेनं पट्टीच्या मधोमध एक रेघ ओढली आणि अंगरखा उतरवला. बाकीचे हसत हसत दोन्हीकडे झाले. हेही गेले. घटकाभरात धूळ, आरडाओरडा, "धर, धर, पाय धर त्येचा!" आमची पट्टी पार उखडली.

एका डावावरून तंटा झाला. झिलू म्हणत होता दम सुटला नाही, दुसरे म्हणत होते सुटला. शेवटी झिलू धापा टाकत कडेला आला. "काका, तुम्ही बघितलं न्हवं? तुमीच सांगा."

मामंजींनी रेघेकडे बोट केलं. मग म्हणाले, "दम सुटला होता. रेघेच्या आधी. तू बाद."

"बाद तर बाद," झिलू म्हणाला आणि बसला. त्यानंतर सगळा वेळ निवाडा मामंजींनीच केला. चांगला केला. ह्यांनाही दोनदा बाद दिलं.

दुसऱ्या दिवशी स्लीपर आले. पुढे पुष्कळ वर्षं ते रचलेले असायचे, पावसात काळे पडलेले, आणि मामंजी संध्याकाळी तिथेच एखाद्यावर जाऊन बसायचे. बॅट अजून सातेरीच्या देवळात आहे. शेंदराचे थर चढून आता तिची कड दिसत नाही. दसऱ्याला हार पडतो. परवा एक नवी सून तिला नमस्कार करताना विचारत होती की ही देवीची कोण. गुरवाच्या नातवानं सांगितलं, राखणदार.

त्या रविवारी आम्ही घरी आलो तेव्हा चिंचोके माझ्या ओटीत तसेच होते. शंभर-सव्वाशे तरी असतील, धावा मोजायला नेलेले. मी ते पेटीत परत ठेवायला निघाले.

सासूबाई म्हणाल्या, "आण हिकडं. किडत्यात."

त्यांनी ते चुलीवर भाजले, उखळात फोडले, आणि रात्री जेवणं झाल्यावर आम्ही सगळे बसून खाल्ले. मामंजींनीही खाल्ले.