थेंब घोळताना

प्रीतीचा थेंब पुन्हा फुटला. सकाळपासूनचा हा एकोणिसावा.

२००८चा डिसेंबर. कोल्हापूरच्या विद्यापीठात ती रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि विषय असा, की घरी समजावून सांगताना तिची दमछाक व्हायची. थेंबाला टेफ्लॉनची, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतं त्याचीच, बारीक पूड लावायची. या पुडीला पाण्याचं वावडं. ती आत विरघळत नाही, नुसती अंगाला चिकटून बसते. मग थेंब गोटीसारखा घरंगळतो, मागे ओलसुद्धा ठेवत नाही. अशा एकेका थेंबात एकेक प्रयोग करायचा. बाटलीभर रसायनाचं काम थेंबात.

परवा पुण्याचे परीक्षक तिचं काम तपासायला येणार होते आणि त्यांच्यासमोर वीस थेंब मांडायचे होते. प्रीती चमच्यानं थेंब पुडीत ढकलायची, कुठंतरी अंग उघडं राहायचं आणि टेबलावर थारोळं.

त्यात नेसरीहून आई आली. सरुबाईनं मार्गदर्शक संयोगिता मॅडमना दारातूनच खणखणीत "जयभीम, बाई!" घातला आणि भाकरी-खर्ड्याचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली. लेकीकडं बघत राहिली.

"त्याला ढोसतीयास कशाला गं?"

"सगळीकडनं पूड लागाय पायजे, आई."

"मग घोळ की! तांदळातलं खडं काय चमच्यानं काढतो व्हय आपण? सूप हाय का हितं?"

"इथं कुठलं सूप?"

मॅडमनी काचेची खोलगट बशी पुढं केली. "हिच्यात जमेल का, मावशी?"

हातमोजे घालताना सरुबाई म्हणाली, "म्हशीची धार काढताना कदी असलं घातलं न्हाय बया." पहिला थेंब तिनं असा झटकला की तो मॅडमच्या वहीवर जाऊन फुटला. तिनं जीभ चावली. मॅडमच हसल्या. दुसऱ्या खेपेला तिनं मनगट सैल सोडलं. बशी तिरपी केली, हलकेच फिरवली, पुन्हा तिरपी केली. थेंब पुडीत लोळला आणि पांढराशुभ्र होऊन थांबला. प्रीतीनं तो टेबलावर सोडला. तो घरंगळत गेला, फुटला नाही.

"दे, मला दाव," प्रीती म्हणाली. लहानपणी आईनं सूप हातात दिलं की ती पुस्तक घेऊन माळ्यावर पळायची. आता आई तिचं मनगट धरून शिकवत होती. पाचेक थेंब वाया गेले, मग हात बसला. संध्याकाळपर्यंत तीस झाले.

तिसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर तिनं ताज्या घोळलेल्या वीस थेंबांची रांग मांडली. प्रत्येकाच्या पोटात अमोनिया ओळखणारं रसायन होतं. अमोनियात भिजवलेला कापूस तिनं नुसता शेजारी ठेवला, स्पर्शही न करता. जरा वेळानं पांढऱ्या पुडीआडून गुलाबी रंग उमटला. एक थेंब, मग दुसरा, मग अख्खी रांग.

"पूड पाण्याला अडवते सर, वायूला अडवत नाही. कारखान्यात गळती झाली तर असा एवढासा थेंबही सांगेल."

परीक्षकांनी चष्मा वर सारून एक थेंब स्वतः बोटानं घरंगळवला. मग दुसरा. "इतके एकसारखे कसे जमले? कुठल्या शोधनिबंधात आहे ही पद्धत?"

"कुठल्याच नाही, सर. आईनं शिकवली."

"मग प्रबंधात तसंच लिहा. आईंच्या नावासकट."

बाहेर येऊन प्रीतीनं फोन लावला. नाव, प्रबंध, गुलाबी रंग, सगळं एका दमात सांगितलं.

"ते ऱ्हाऊ दे," सरुबाई म्हणाली. "पास झालीस का न्हाय, ते सांग आदी."

"झाले की!"

पलीकडं फोन तसाच राहिला आणि गल्लीभर हाक गेली, "ए तानाबाई, पोरगी पास झाली गं माजी!"

प्रीतीनं फोन कानापासून लांब धरला आणि एकटीच हसत उभी राहिली.