खाराचा हात

शहापुरात कोष्टी गल्लीच्या मारुतीपुढं अशी गर्दी लोटली, की त्या दिवशी एकाही मागाचा खटका ऐकू येईना. खांबांना हळदीत रंगवलेलं धोतर ताणलेलं. पुढं महाराज, पोट सुटलेलं, जीभ त्याहून.

"गल्लीत चेटकीण हाय. पोरांचं रगत पिती. ओला हात ठेवा. जिचा लाल उमटंल, ती."

चंपाबाईचा नातू शामू तापानं फणफणला होता. "आत्याबाई, टांगा करून दवाखान्यात नेऊया," सून जयवंता सारखी विनवत होती. पण सुई टोचली की चेटूक हाडात शिरतं, असं महाराज म्हणाले होते. इतकं हाडातलं सांगणारा खोटं कशाला बोलेल, असं चंपाबाईला वाटलं.

बायकांनी हात धुऊन ठसे दिले. सगळे पिवळेच. जयवंताला मात्र सूत उकळायच्या हंड्यापासून तशीच ओढून आणली. "हिला हात धुऊ देऊ नका, मंतर पुटपुटंल," महाराजांनी बजावलं होतं.

धोतरावर पाच बोटं लालभडक उमटली.

"आत्याबाई, त्यो खार हाय ओ..."

पुढचं दगडांनी ऐकू दिलं नाही. नवरा यमनाप्पा मान खाली घालून बसला. जयवंता रक्ताळल्या कपाळानं बोरगावला माहेरी गेली. शामूला आत ठेवून तिच्यामागं दार चंपाबाईनंच लावलं.

सुताला वाट बघता येत नाही. दुसऱ्या दिवशी चंपाबाईनंच ते खाराच्या, म्हणजे सोड्याच्या, पाण्यात उकळून पिळलं आणि तशाच हातानं शामूच्या छातीला हळदीचा लेप लावला.

लेप लाल झाला.

ती हाताकडं बघत राहिली. जयवंता नवी नवरी असताना हळदीकुंकवात तिनंच तिला झापलं होतं, "खाराचा हात हळदीला लावू नकोस, लाल हुती." हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. देवळापुढं एकीलाही आठवलं नव्हतं.

खाराचा हंडा घेऊन ती देवळात गेली. धोतरावर पंजा टेकला. लाल.

"चेटूक सासूवर उतरलं," महाराज म्हणाले. लोक तिच्यापासूनही मागं सरले. कालच्याच चपळाईनं.

"उतरू दे. काल भिक्षेच्या निमित्तानं माझ्या सुनंचा हंडा निरखत हुतासा न्हवं? आता तुमीबी हात बुडवा."

महाराजांनी हात छाटीत लपवला. तेव्हा शेजारच्या तम्मण्णानं आपला हात हंड्यात बुडवून धोतरावर टेकला. लाल. "आता मीबी चेटकीण व्हय रं?" कुणी हसलं नाही. महाराज झोळी उचलून संकेश्वरच्या वाटेला लागले.

चंपाबाईनं शामूला दवाखान्यात पळवलं. डॉक्टरांनी नाडी बघितली. "काल आणायचा होता," एवढंच म्हणाले.

चंपाबाई बोरगावला पोचली तेव्हा जयवंता दारात उभी होती, कपाळाला पट्टी. "पोरगं कुठं हाय?"

चंपाबाईनं रिकामे हात पुढं केले. जयवंतानं ते बघितले आणि दार लावलं.

बायांनो, बाप्यांनो, कुणाचा हात लाल उमटला तर दगड उचलण्याआधी एवढंच विचारा: हात कशात होता?